ब्रेकमधील बुडबुडा

वाचकहो, आपल्या घरी मोटारसायकल असेल तर आज एक छोटीशी परीक्षा करून पाहा. वाहन स्टँडवर उभे करा आणि उजव्या मुठीशी असलेला पुढच्या ब्रेकचा लिव्हर दोन बोटांनी सावकाश ओढा. थोडेसे अंतर सैलपणे गेल्यावर भिंतीला हात टेकावा तसा ठाम विरोध बोटांस जाणवला, तर आपला ब्रेक निरोगी आहे असे समजावयास हरकत नाही. परंतु लिव्हर ओल्या स्पंजाप्रमाणे दबत दबत मुठीपर्यंत येऊ लागला आणि तीन-चार वेळा झपाझप दाबल्यावरच काहीसा घट्ट झाला, तर वेळीच सावध झाले पाहिजे. ब्रेकच्या नळीत कोठेतरी हवा शिरली आहे, असा त्याचा बहुधा अर्थ असतो.

ही गोष्ट अर्थातच द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची आहे. ज्या मोटारसायकलींना पुढेमागे ड्रम ब्रेक असतात, त्यांत तार किंवा सळई काम करते. तेथे द्रव नाही आणि म्हणून बुडबुडाही नाही. मात्र चाकाशेजारी चकचकीत पोलादी तबकडी दिसत असेल आणि मुठीजवळ द्रवाची लहानशी डबी असेल, तर हा लेख आपल्यासाठीच आहे.

नळीतील ही हवा बाहेर काढण्याचे काम, ज्यास गॅरेजमध्ये 'ब्लीडिंग' म्हणतात, फार अवघड नाही. त्यास लागणारी बरीचशी साधने घरात असतात किंवा चार पैशांत मिळतात. आपल्या देशातील माणूस अडलेले काम हाताशी असेल त्या वस्तूने निभावून नेण्यात निष्णात आहे, आणि ह्या गुणाचा अभिमान वाटावा असे प्रसंगही पुष्कळ आहेत. परंतु ब्रेकच्या बाबतीत ह्या गुणास एक मर्यादा घालून घ्यावी लागते. साधने घरची चालतील. द्रव घरचा चालणार नाही, आणि परीक्षेत सूट तर मुळीच चालणार नाही. ही मर्यादा नेमकी कोठे आहे आणि का आहे, हेच येथे आपणांस सांगावयाचे आहे.

दोन नियमांची गोष्ट

हवेचा एवढासा बुडबुडा एवढा अनर्थ का करतो, हे आधी समजून घेऊ. ते एकदा उमगले, की पुढील प्रत्येक कृतीचे कारण आपोआप कळते.

फ्रान्समधील ब्लेझ पास्कल ह्या विद्वानाने सतराव्या शतकात द्रवांच्या समतोलाचा अभ्यास केला. १६६२ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो निवर्तला आणि ह्या विषयावरील त्याचा ग्रंथ पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे त्याने सांगितलेले तत्त्व. आपल्या मुठीजवळील मास्टर सिलिंडरमध्ये एक लहान पिस्टन असतो. चाकाजवळील कॅलिपरमध्ये त्याहून मोठे पिस्टन असतात. समजा, मोठ्याचे क्षेत्रफळ लहानाच्या सहापट आहे. तर लहानावर जेवढे बल द्यावे, त्याच्या सहापट बल मोठ्यावर उमटते. दोन बोटांच्या जोराने भरधाव वाहन थांबते ते ह्या तत्त्वामुळे. मोटारसायकलींत ही व्यवस्था सर्रास आली ती फार उशिरा. जपानच्या होंडा कंपनीने १९६९ साली बाजारात आणलेली 'सीबी ७५०' ही पुढे असा डिस्क ब्रेक घेऊन मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली मोटारसायकल मानली जाते.

परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. बल सहापट मिळाले, तर चाल सहापट कमी होते. लहान पिस्टन सहा मिलिमीटर सरकावा, तेव्हा मोठा एक मिलिमीटर सरकणार. आता थोडे गणित करा. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनाचा व्यास १२ मिलिमीटर आणि त्याची संपूर्ण चाल १० मिलिमीटर धरली, तर लिव्हर पूर्ण दाबूनही पुढे ढकलला जाणारा द्रव भरतो सुमारे १.१ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा जेमतेम चौथा हिस्सा! आपला आणि आपल्या मागे बसलेल्या माणसाचा जीव ह्या पाव चमचा द्रवाच्या चालीवर अवलंबून असतो.

आता दुसरा नियम. पास्कल वारला त्याच १६६२ साली रॉबर्ट बॉइलने हवेविषयीचा आपला नियम प्रसिद्ध केला : तापमान तेच असेल, तर हवेवरील दाब जितक्या पटीने वाढवावा, तितक्या पटीने तिचे आकारमान घटते. द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही; हवा मात्र खुशाल आकसते. नळीत अर्धा घन सेंटिमीटर हवा अडकली असेल आणि ब्रेक लावताना दाब वीसपट झाला, तर ती हवा आकसून वीसाव्या भागाएवढी होईल. म्हणजेच आपल्या १.१ घन सेंटिमीटरच्या तुटपुंज्या भांडवलातील जवळजवळ निम्मा हिस्सा केवळ तो बुडबुडा चेपण्यात खर्ची पडला! पॅड डिस्कवर आवळण्यास उरले काय? पास्कलचा नियम ब्रेक चालवितो आणि नळीत हवा शिरली की बॉइलचा नियम तोच ब्रेक बिघडवितो, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

न दिसणारे पाणी

हवा कोठून येते? कधी कॅलिपर उघडून पुन्हा बसविताना, कधी नळी बदलताना, कधी डबीतील द्रव फार खाली गेल्यामुळे. हे मार्ग सहज लक्षात येतात. दुसरा मार्ग मात्र फसवा आहे, कारण त्यात बाहेरची हवा आत येतच नाही. बुडबुडा आतल्या आतच तयार होतो.

ज्यास आपण सर्वजण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, ते वास्तविक तेल नव्हे. सर्वसाधारण वापरातील हा द्रव ग्लायकॉल वर्गातील रसायनांचा असतो आणि मीठ जसे पावसाळ्यात पाणी धरते, तसा हाही हवेतील आर्द्रता शोषून घेतो. नवा द्रव फिकट पिवळसर, जवळजवळ स्वच्छ दिसतो. जुना होता होता तो कोऱ्या चहासारखा काळपट होतो. द्रवाच्या डबीवर 'डॉट ३', 'डॉट ४' असे जे अंक असतात, ते त्याचा दर्जा दाखवितात. कोरडा व ताजा असताना डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले, की हेच किमान आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर उतरतात. म्हणजे शंभर भागांत चार भागही पाणी नाही, तरी पाऊणशे अंशांची घसरण झाली.

एवढी उष्णता ब्रेकमध्ये येते कोठून, असे आपण विचाराल. वाहनाचे वजन व दोन माणसांचे वजन मिळून ३०० किलोग्रॅम धरा आणि ते ५०० मीटर उंचीचा घाट उतरत आहे असे समजा. ह्या उतारात सुमारे पंधरा लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेने साडेचार लिटरांहून अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणता येईल! ह्यातील काही वाटा वारा घेतो आणि खालचा गिअर टाकला असेल तर इंजिन बराच भार उचलते. परंतु गिअर काढून केवळ ब्रेकवर उतरणाऱ्याच्या बाबतीत बहुतेक सारी उष्णता त्या लहानशा डिस्कवर व पॅडवर येऊन पडते. तेथून ती कॅलिपरमधील द्रवात शिरते, पाणी मुरलेला द्रव उकळतो, त्याची वाफ होते, आणि वाफही हवेप्रमाणेच चेपली जाते.

ह्यासंबंधी माझ्यावर आलेला एक प्रसंग सांगतो. आंबोलीहून सावंतवाडीकडे घाट उतरत होतो. मागे माझी मुलगी बसली होती. अर्धा घाट सरला असेल-नसेल, तोच एका वळणाआधी लिव्हर ओढला आणि तो काही विरोध न करता थेट मुठीला येऊन भिडला. मागचा ब्रेक आणि पहिला गिअर ह्यांनी वाहन कसेबसे कठड्याशेजारी थांबले. आम्ही तेथे अर्धा तास बसलो. नंतर लिव्हर दाबून पाहिला, तर तो पूर्वीसारखाच घट्ट! 'बाबा, झाला की नीट,' मुलगी म्हणाली, आणि खरे सांगावयाचे तर मलाही तसेच वाटले. आम्ही घरी आलो आणि मी तो ब्रेक तसाच आठ दिवस वापरला. द्रव निवल्यावर वाफ विरते आणि ब्रेक बरा झाल्याचे सोंग आणतो, एवढेच तेव्हा घडले होते; दोष जागच्या जागी होता. त्या द्रवास किती वर्षे झाली हे मी कधी पाहिलेच नव्हते. वाचकांनी ही चूक करू नये. निलगिरीतील कल्हट्टीचा उतार असो, शिमल्याहून कालक्याकडे येणारा रस्ता असो, वा आपल्या सह्याद्रीतील एखादा घाट असो. निवल्यावर नीट झालेला ब्रेक हा नीट झालेला ब्रेक नव्हे.

घरात काय चालते, काय चालत नाही

आता साधनांकडे वळू. चालतात अशा वस्तू पुढीलप्रमाणे आहेत.

मत्स्यालयातील हवेच्या पंपास लावतात ती पारदर्शक बारीक नळी हातभर घ्यावी. पारदर्शक अशासाठी, की बुडबुडे डोळ्यांस दिसले पाहिजेत. झाकण असलेली एखादी रिकामी काचेची बरणी घ्यावी आणि झाकणास नळी जाईल एवढे भोक पाडावे. औषधांच्या दुकानातून वीस ते पन्नास मिलिलिटरांची नवी सिरिंज सुईशिवाय आणावी. डबीतील जुना द्रव उपसण्यास तिचा उपयोग होतो. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी, दात घासण्याचा जुना ब्रश, चिंध्या, पाण्याने भरलेली बादली आणि बाटलीचे एक जाड बूच एवढे झाले, की घरची सामग्री पुरी झाली.

बाहेरून आणावयाच्या वस्तू दोनच, परंतु त्यांत तडजोड नको. पहिली म्हणजे कॅलिपरवरील निपलास नेमका बसणारा रिंग पाना. पुष्कळ मोटारसायकलींस तो ८ मिलिमीटरचा लागतो. पकड किंवा सरकता पाना वापरल्यास निपलाचे मऊ कोपरे झिजून गोल होतात आणि मग दहा मिनिटांच्या कामास दोन दिवस लागतात. दुसरी वस्तू म्हणजे योग्य दर्जाचा, सीलबंद डबीतील नवा द्रव. कोणता दर्जा हवा, ते मुठीजवळील डबीच्या झाकणावर कोरलेले असते. एका ब्रेकच्या कामास बहुधा शंभर-दीडशे मिलिलिटर पुरतात.

द्रवाच्या जागी इंजिनचे ऑइल, शिवणयंत्राचे तेल किंवा खाण्याचे तेल चुकूनही घालू नये. खनिज तेलाने आतील रबरी सील फुगतात व बाद होतात. मग नुसता द्रव बदलून भागत नाही, सारे सील बदलावे लागतात. पाणी घालणे तर आत्मघातच होय. कपाटात वर्षभर अर्धवट उघडी राहिलेली जुनी डबीही वापरू नये; तिने दरम्यान हवेतील आर्द्रता पिऊन घेतलेली असते. बरणीत जमलेला द्रव कितीही स्वच्छ दिसला तरी तो पुन्हा वर ओतू नये.

प्रत्यक्ष काम

हे काम दोघांनी मिळून करणे उत्तम. एकाने लिव्हर धरावा, दुसऱ्याने पाना. घरातील मुलगा किंवा मुलगी समजूतदार असेल तर तिला लिव्हरपाशी उभे करावे. यंत्राचा एक धडा तिला आपसूकच मिळेल.

मोटारसायकल मुख्य स्टँडवर उभी करून हँडल असे वळवावे, की द्रवाची डबी सपाट राहील. टाकी व मडगार्ड ह्यांवर ओल्या चिंध्या पसराव्यात. हा द्रव रंगास मारक आहे. थेंब सांडलाच तर पुसत बसण्याऐवजी तत्काळ पाणी ओतून धुवावा. डबीच्या झाकणाभोवतीची धूळ ब्रशाने झाडून मगच झाकण उघडावे. झाकणाचे स्क्रू मऊ धातूचे असतात, म्हणून खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर जोराने दाबून मग फिरवावा. सिरिंजने आतील जुना काळा द्रव उपसून घ्यावा, परंतु तळाचे छिद्र उघडे पडू देऊ नये. मग नवा द्रव वरच्या खुणेपर्यंत भरावा.

नंतर कॅलिपरकडे यावे. निपलावरील रबरी टोपी काढून, ते पुसून, आधी रिंग पाना बसवावा आणि मग नळी चढवावी. क्रम चुकला तर पाना बसणारच नाही. बरणीत बोटभर नवा द्रव घालून नळीचे दुसरे टोक त्यात बुडवून ठेवावे. मुठी व लिव्हर ह्यांच्यामध्ये बुचाचा तुकडा धरावा, म्हणजे लिव्हर अगदी टोकापर्यंत जात नाही. जुन्या सिलिंडरात पिस्टन नेहमीच्या जागेपलीकडे गेला, तर तेथील गंजाने सील कापले जाण्याचा संभव असतो. तो ह्याने टळतो.

आता तीन शब्द ठरवावेत : 'दाब', 'धर' आणि 'सोड'. ह्या तीन शब्दांच्या क्रमातच सारे कौशल्य आहे.

'दाब' म्हणताच लिव्हरवरच्याने तीन-चार वेळा सावकाश दाबून शेवटी दाबलेलाच ठेवावा. 'धर' म्हणताच तो तसाच धरून राहावा. मग पान्याने निपल पाव फेरा सैल करावे. द्रव नळीत धावेल, त्याबरोबर बुडबुडे निघतील आणि लिव्हर हळूहळू खाली जाईल. तो जात असताना हात ढिला पडता कामा नये. लिव्हर बुचास टेकण्याच्या आधीच निपल बंद करावे आणि ते बंद झाल्याची खात्री पटल्यावरच म्हणावे, 'सोड'.

निपल उघडे असताना लिव्हर सुटला, तर पिस्टन मागे येताना जे हाती लागेल ते ओढून घेतो. नळीचे टोक द्रवात बुडालेले असेल तर बराचसा बचाव होतो. तरीही निपलाच्या आट्यांतून हवा आत येऊ शकते आणि अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. म्हणून पान्याजवळच्याने घाई करू नये आणि लिव्हरजवळच्याने आज्ञेवाचून बोट हलवू नये. आमच्या घरी पहिल्या खेपेस मुलीने प्रत्येक वेळी 'धरला, बाबा' असे मोठ्याने उत्तर देण्याची पद्धत घातली. ती पद्धत चांगली आहे, म्हणून आम्ही ती अद्याप मोडलेली नाही.

हा क्रम पुनःपुन्हा करावा आणि दर चार-पाच वेळांनी डबीत डोकावून नवा द्रव घालीत जावा. डबी रिकामी होऊन वरूनच हवा आत गेली, तर सारे काम पहिल्यापासून करावे लागते. नळीतून येणारा द्रव फिकट आणि बुडबुडेरहित झाला, की निपल घट्ट करावे. परंतु त्यावर अंगाचा भार घालू नये. निपल आतून पोकळ असते आणि मनगटाच्या बेताच्या जोराने ते पुरेसे बसते. वाहनाच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तर तोच प्रमाण मानावा.

चिवट बुडबुडे

कधीकधी एवढे करूनही लिव्हर थोडा मऊच राहतो. त्याचे कारण सोपे आहे. बुडबुड्याचा स्वभाव वर चढण्याचा, आणि आपण द्रव ढकलतो खाली. त्यामुळे काही लहान बुडबुडे मुठीजवळच्या वळणात अडकून राहतात. अशा वेळी झाकण नुसते वर ठेवून लिव्हर अगदी थोडा थोडा, केवळ पहिले पाव अंतर, पुष्कळ वेळा हलवावा आणि नळीवर बोटाने टिचक्या माराव्यात. डबीतील छिद्रातून बारीक बुडबुडे वर येताना दिसतील.

एवढ्यानेही न भागल्यास डबी बंद करून, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर मुठीशी बेताने आवळून बांधावा आणि वाहन रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी पट्टी सोडली, की बहुधा लिव्हर पुष्कळ घट्ट झालेला आढळतो. परंतु हा उपाय पूरक आहे. तो पूर्वोक्त कामाची जागा घेऊ शकत नाही, आणि द्रवात मुरलेले पाणी तर त्याने मुळीच जात नाही.

खालून वर द्रव चढविण्याचीही एक रीत आहे. नव्या सिरिंजमध्ये नवा द्रव भरून, तिची व नळीची हवा काढून, निपल उघडून तो सावकाश वर ढकलावयाचा. बुडबुड्यांच्या स्वभावास ही रीत अनुकूल आहे. मात्र वरची डबी आधी उपसून ठेवावी, नाहीतर द्रव उतू जाऊन टाकीवर येतो. उलट, सिरिंजने निपलातून द्रव खेचून घेणाऱ्यास आट्यांतून येणारी बाहेरची हवाही बुडबुड्यांच्या रूपाने दिसते, आणि बिचारा संपलेले काम पुनःपुन्हा करीत बसतो.

परीक्षा

येथे घाई करणारा सारे घालवितो. डबीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये आणून झाकण लावावे, निपलावर टोपी चढवावी आणि कॅलिपर व त्याभोवतीचा भाग पाण्याने धुवून कोरडा करावा. पॅडवर द्रव सांडला असेल तर ते पॅड बदलावेत. पुसून त्यांचा भरवसा धरू नये. मग लिव्हर जोराने दाबून पूर्ण एक मिनिट धरावा. ह्या मिनिटात तो हळूहळू खाली जात राहिला, तर कोठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा सील निकामी झाला आहे असे समजावे. सर्व सांधे कोरड्या कागदाने टिपून पाहावेत. कागदावर ओल दिसता कामा नये.

हे सारे ठीक असेल, तर इंजिन बंद ठेवून, वाहन हाताने ढकलत ब्रेक लावून पाहावा. त्यानंतर अंगणात किंवा मोकळ्या मैदानात पायी चालण्याच्या वेगाने, मग थोड्या अधिक वेगाने. ह्या साऱ्या परीक्षांत वाहन उतरेपर्यंत पत्नीस वा मुलांस मागे बसवू नये, हा नियम घरात सर्वांसमक्ष सांगून ठेवावा.

केव्हा हात आवरावा

स्वावलंबन चांगले, परंतु आपल्या ज्ञानाची हद्द ओळखणे हाही त्याचाच भाग आहे. डबीतील द्रव वारंवार कमी होत असेल, तर वरून भर घालणे हा उपाय नव्हे. एक तर पॅड झिजले आहेत, किंवा द्रव कोठून तरी गळत आहे. नळीस चिरा दिसत असतील, पिस्टन अडकत असेल, निपलाचे कोपरे गेले असतील, तर जाणत्या मेकॅनिकचा हात लागलाच पाहिजे. कॅलिपर डिस्कवरून काढलेला असताना लिव्हर दाबू नये; पिस्टन बाहेर येऊन पडतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या देशातील नियमांनुसार १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना चाक जॅम होऊ न देणारी 'एबीएस' व्यवस्था बंधनकारक झाली, ती नव्या प्रकारच्या वाहनांस १ एप्रिल २०१८ पासून व आधीपासून तयार होत असलेल्यांस १ एप्रिल २०१९ पासून. लहान वाहनांस एबीएस नसल्यास पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी 'सीबीएस' व्यवस्था असते. अशा वाहनांची पुस्तिका आधी नीट वाचावी. डबी कोरडी पडून एबीएसच्या पेटीत हवा गेली, तर ती घरच्या बरणीने व नळीने निघेल असा भरवसा नाही. त्यास कारखान्याचे उपकरण लागते.

काम संपल्यावर जुना द्रव मोरीत किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. तो विषारी आहे. बरणीस झाकण लावून, तिच्यावर ठळक अक्षरांत लिहून, ती मुलांच्या हातास लागणार नाही अशी ठेवावी आणि जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे पोहोचती करावी. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत हा द्रव क्षणभरही ठेवू नये. कामात वापरलेली नळी व सिरिंज पुन्हा घरातील दुसऱ्या कशासही वापरू नये.

शेवटी एक छोटेसे काम उरते. बहुतेक उत्पादक हा द्रव दर दोन वर्षांनी बदलावा असे सांगतात, आणि दोन वर्षांपूर्वी आपण काय केले हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून एका कागदी पट्टीवर आजची तारीख, द्रवाचा दर्जा आणि लिव्हर ज्याने धरला त्याचे नाव लिहून ती सीटच्या खालच्या बाजूस चिकटवून ठेवावी. आमच्या वाहनाच्या सीटखाली अशा तीन पट्ट्या आहेत. पहिल्या दोन पट्ट्यांवर लिव्हर धरणारी म्हणून मुलीचे नाव आहे. तिसऱ्या पट्टीवर माझे आहे. त्या खेपेस पाना तिच्या हाती होता.